डिस्कला कान लावणारी

हळू डिस्क म्हणजे काय असतं ते मला विचारा. तैवानमधल्या ताइनानच्या या गल्लीत चौतीस वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसलोय. एकदा एका मास्तरांची हार्ड डिस्क आली होती. तिला एक फाईल उघडायला सांगून मास्तर काओशुंगला पुतणीच्या लग्नाला गेले. जेवले, नवरानवरीबरोबर फोटो काढला, आगगाडीने परत आले, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटंपालटं होतच होतं. पुढच्या वर्षी पुतणीला मुलगा झाला तेव्हा कुठे फाईल उघडली. आत काय? लग्नात द्यायच्या आहेराची यादी. खोटं वाटत असेल तर मास्तरांना विचारा. ते आता हयात नाहीत, त्याला मी काय करू?

भूमिदेवाच्या देवळातली डिस्क एवढी वाईट नव्हती, पण त्याच कुळातली होती.

आमचं देऊळ लहान. पण वर्षाच्या शेवटी तिथे दिवे नोंदवायला निम्मं गाव येतं. भिंतीला लागून दिव्यांचा उंच मनोरा आहे, त्यात सहाशेच्या वर इवले दिवे. प्रत्येक दिव्याखाली एका माणसाचं नाव. नाव, जन्मतिथी, जन्मवेळ आणि घराचा पत्ता, सगळं नीट लिहावं लागतं. गुरुजी ते देवापुढे वाचतात आणि देव त्या पत्त्यावर जाऊन वर्षभर त्या माणसाकडे लक्ष ठेवतो. पत्ता चुकला तर देव तरी कुठे शोधणार?

हे सगळं कॉम्प्युटरात घालण्याचं काम बीगोचं. बावीस वर्षं तिचंच. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण बोलायला लागली की मी तिच्यापुढे तिचा धाकटा भाऊ.

त्या वर्षी बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला देवळाचे अध्यक्ष लिआओ माझ्या दुकानात आले. टायरचं दुकान चालवतात, त्यामुळे बोलतानाही माणसात हवा भरल्यासारखे जोर लावून बोलतात.

"चुईदादा, गेल्या वर्षी रांग कुठपर्यंत गेली होती माहितीय?"

"माझ्या दारापर्यंत. मी तिघांचे मोबाईल दुरुस्तीला घेतले."

"थट्टा नको. म्हाताऱ्या बायका दोन-दोन तास उभ्या होत्या. तीन घरं कंटाळून दुसऱ्या देवळात दिवा लावून आली. एक नाव घालायचं, मग तो डबा खरखरत बसणार आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसणार. ती नवीन डिस्क असते ना, न फिरणारी? ती टाक."

"एसएसडी."

"तीच. आणि नीट ऐक. मी समितीत सांगून टाकलंय. या वर्षी एक तर मशीन बदलेल, नाही तर माणूस बदलेल. माझी सून बँकेत होती. तिची बोटं पावसासारखी चालतात."

त्यांनी विचारलं तर मी समजावूनही सांगितलं असतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि एक बारीक हात तिच्यावरून पुढे-मागे पळत हवं ते शोधतो. कपाटात धावणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनासारखा. एसएसडीत काहीच हलत नाही. नुसती चिप. मागितलं की हजर. वेगाच्या बाबतीत दोघांची तुलनाच नाही. पण अध्यक्षांना कारण नको होतं, काम हवं होतं. मी बरं म्हटलं.

तासाभरात बीगो आली. हातात पेरूंची पिशवी. बीगो फुकट पेरू देते म्हणजे पुढे खड्डा आहे हे मला कळायला हवं होतं.

"चुईदादा, लिआओ आले होते ना? त्यांना सांग, आपल्या मशीनला ती नवीन डिस्क बसत नाही."

"बसते की."

"मला माहितीय बसते. तू सांग बसत नाही."

"अगं, तुझंच काम सोपं होईल. डोळ्याची पापणी लवायच्या आत नाव आत."

"तू आयुष्यभर लोकांना थापा मारल्यास. एक माझ्यासाठी मारायला काय जातंय? का आता म्हातारपणी सत्यवचनी व्हायचंय?"

"कारण तरी सांग."

"सवय आहे मला जुनीची." एवढंच म्हणून ती निघाली. जाताना दारातली माझी सायकल तिने अगदी सहज चुकवली, पण काउंटरवर समोरच ठेवलेली आपली छत्री मात्र विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवळात गेलो. म्हटलं, आधी मशीन तर बघू. बीगो टेबलाशी बसली होती. नोंदणी वीस तारखेला सुरू व्हायची होती, पण समोर टोफूवाली फानबाई रांग टाळायला आपल्या नातवाचं नाव आधीच घालून घेत होती. बीगोचा उजवा पाय चपलेतून बाहेर, टेबलाखालच्या डब्यावर ठेवलेला. मी तो पाय पूर्वीही पाहिला होता. मला वाटायचं, डबा गरम असतो, थंडीत बरं वाटत असेल.

मी माझ्या नेहमीच्या खोडसाळपणाने म्हटलं, "पाय काढ, धूळ काढू दे." आणि डबा ओढून तिच्यापासून चांगला चार हात लांब नेला. बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथ मारत होतं, त्याचा गोंगाट चालू होता.

बीगोने नाव घातलं. बटण दाबलं. मग हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावर 'नोंद झाली' असं केव्हाच आलं होतं, माझ्या तळहाताएवढ्या अक्षरांत. फानबाई चुळबुळ करू लागली. बीगो बसलेलीच.

"बीगो, झालंय," मी म्हटलं.

"हो, बघतेय ना."

ती बघत होती. पडद्याच्या जरा उजवीकडे, भिंतीवर.

फानबाई गेल्यावर मी स्टूल ओढून जवळ बसलो. "पडद्यावर आत्ता काय लिहिलंय, सांग."

तिने पाय चाचपडत पुढे केला, डबा तिथे नव्हता. मग म्हणाली, "डबा आधी परत आण."

मी आणला. तिने पाय ठेवला आणि मग सांगितलं. दोन वर्षं झाली. डोळ्यांच्या मधोमध धुकं. कडेकडेचं सगळं दिसतं, म्हणून रस्त्याने चालता येतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. डॉक्टर म्हणाले, हे परत यायचं नाही, आहे ते जपा. अक्षरं तिला बोटांनी पाठ. उच्चार टाइप केला की पडद्यावर चिनी अक्षरांची यादी येते; कुठल्या उच्चाराचं कुठलं अक्षर त्या यादीत कितव्या क्रमांकावर येतं, तेही पाठ. पण काम झालं की नाही हे कसं कळणार? ते डिस्क सांगायची. नाव आत गेलं की तीनदा आखूड खरखर, मग थांबायची. नाही गेलं तर एकच लांब. तळपायाला सगळं कळायचं.

"आणि तुझी ती नवीन काही बोलतच नाही," बीगो म्हणाली. "मुकी. मी पाय कुणावर ठेवू?"

"अध्यक्षांना सांग की."

"काय सांगू? ज्या बाईला दिसत नाही तिला लिहायला बसवा? इथे बसते म्हणून गल्लीत मी कुणीतरी आहे, दादा. नाही तर घरी खुर्चीत बसून मुलगी सांगेल तेव्हा जेवायचं. तू कुणाला बोललास तर भूमिदेवाची शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. आणि मग मी एक गाढवपणा केला, तोही पूर्ण तयारीनिशी. अध्यक्षांच्या दुकानात जाऊन म्हणालो, "एसएसडी विसरा. देवळात धूप जळतो. त्या धुराने चिप मंदावते. सहा महिन्यांत दगड. फिरती डिस्कच बरी, तबकडी फिरते ना, धूर उडवून लावते." पंख्यासारखी, असं म्हणून मी हाताने करूनही दाखवलं.

खरं तर उलट आहे. धूर आणि धूळ यांनी मरते ती फिरतीच.

लिआओंनी पान्याला लागलेलं वंगण पुसलं. "म्हणजे मशीन काही वेगवान होत नाही?"

"नाही."

"मग माणूसच बदलायला हवा." आणि ते दुसऱ्या टायरकडे वळले.

मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझी थाप कुणी एवढ्या पटकन खरी धरली होती. नेमकी तीच.

सोळा तारखेला वर्षाची शेवटची पूजा. त्या दिवशी आमच्याकडे मालक आपल्या माणसांना जेवू घालतो, आणि या जेवणात एक जुनी चाल आहे. ज्याला कामावरून काढायचं असेल त्याच्याकडे कोंबड्याचं तोंड करून ताट ठेवायचं. तोंडाने काही बोलायचं नाही. पूर्वी लोक या जेवणाला घाम पुसत यायचे. हल्ली बहुतेक मालक मुंडकंच कापून टाकतात, कुणाच्या पोटात गोळा नको म्हणून.

देवळाच्या मागच्या अंगणात दुपारी टेबल मांडलं. देवळाच्या कामाला हातभार लावणारे आठ जण. बीगो माझ्या शेजारी, लिआओ समोर. वाफवलेल्या पावात डुकराचं मांस, भाजी, मुळ्याचं सूप, आणि मध्ये देवापुढून आणलेला अख्खा कोंबडा. मुंडक्यासकट. लिआओंनी ताट स्वतः ठेवलं, मग दोन्ही हातांनी हळूच फिरवलं. चोच थेट बीगोकडे. आणि ते आपल्या वाटीत बघू लागले. दुष्ट माणूस नाही तो. बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला तोंडावर सांगवेना, म्हणून कोंबड्याकडून सांगवलं.

फानबाईच्या हातातली पळी हवेतच राहिली.

"अगंबाई, सगळे एवढे शांत का?" बीगो म्हणाली. "मिठाशिवाय केलंय की काय?" आणि हसत हसत तिने चॉपस्टिक पुढे केल्या, चाचपल्या, नेमकी कोंबड्याची चोच पकडली, ओढून बघितली, सोडली. "हा कुठला भाग? मांडी द्या ना मला कुणीतरी. चुईदादा, तू काय बघत बसलायस?"

लिआओंनी मान वर केली. फानबाईने माझ्याकडे बघितलं. मी सुपाकडे.

"बीगो," फानबाई अगदी हळू म्हणाली, "कोंबड्याचं तोंड तुझ्याकडे आहे गं."

बीगोने चॉपस्टिक खाली ठेवल्या. दोन्ही एकमेकींना समांतर, वाटीच्या कडेला, अगदी नीट. तिचा चेहरा लाल झाला आणि मग पांढरा. मला वाटलं, आता उठून जाईल.

ती उठली नाही. म्हणाली, "मला दिसलं नाही. दोन वर्षं झाली, नीट दिसतच नाही." आणि कुणी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "लिआओ, तुमचं बरोबर आहे. पण मला काढायच्या आधी ती डिस्क काढा. आजच. चार दिवस झाले, तिचा श्वास अडकतोय. तीनदा वाजायची ती दोनदा वाजते आणि मग थांबते, मग कटकट करते. सहाशे माणसांची नावं तिच्यात आहेत. ती वीस तारीख बघणार नाही."

"पण चुईदादा म्हणाला की नवीन डिस्क धुराने..."

"चुईदादा माझ्यासाठी खोटं बोलला. जुनी डिस्क ठेव असं मीच त्याला सांगितलं होतं."

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी म्हटलं, "धुराचं मात्र मी स्वतः रचलं होतं." कुणी हसलं नाही.

लिआओंनी ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाले, "आधी नावं वाचव. बाकीचं मग."

मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कमधून माल काढणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याच्या तोंडातून हाड काढणं. घाई केली की सगळंच गेलं. मी नवीन एसएसडी जोडली, जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायला लावलं आणि बीगोला म्हणालो, "तू घरी जा." ती गेली नाही. जुनी डिस्क मी डब्यातून बाहेर काढून टेबलावर कापडावर ठेवली होती. बीगोने तिच्यावर तीन बोटं टेकवली आणि मान वाकवून कान जवळ नेला.

"थांबव," ती मध्येच म्हणाली.

"आकडा तर पुढे जातोय."

"थांबव म्हटलं ना! तापलीय. त्याच जागी परत परत जातेय, सापडत नाहीये तिला."

मी थांबवलं. आणि खरंच, थांबवल्यावर मशीनने चूक दाखवली. पाच मिनिटं तिला गार होऊ दिलं, पंख्यासमोर धरली. मग बीगो म्हणाली, "आता चालव." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. माझ्याकडे हे तपासायची यंत्रं आहेत. पण चौतीस वर्षांत माझ्या एकाही यंत्राने दुखण्याच्या आधी सांगितलेलं नाही. ती सगळी दुखणं झाल्यावरच सांगतात. लिआओ दाराशी उभे राहून बघत होते. मध्ये दोनदा चहा आणून ठेवला.

संध्याकाळच्या आरतीला घंटा वाजली तेव्हा शेवटचं नाव उतरलं. नंतर दहा मिनिटांत जुनी डिस्क एकदा कडकडली आणि थांबली. बीगोने बोटं उचलली नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "गार झाली," आणि हात पदराला पुसावा तसा स्वेटरला पुसला.

नवीन डिस्क डब्यात घातली, मशीन चालू केलं. चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत सगळं समोर हजर. लिआओ म्हणाले, "अरे वा!" बीगो खुर्चीत मागे टेकली. "चालू झालं का?" तिने विचारलं. तिला कळलंच नव्हतं.

तो प्रश्न ऐकला आणि माझी मलाच लाज वाटली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, हे मला का माहीत नव्हतं? माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी याच मशीनवर तो चालवूनही बघितला होता, मजा म्हणून. जुन्या डिस्कवर तो एक शब्द म्हणायचा आणि पुढच्या शब्दापर्यंत माणसाची नखं कापून व्हायची. म्हणून काढून टाकला आणि विसरलो. बीगोला बोलकी म्हणून जुनी हवी होती. आणि त्या जुनीच्या संथपणामुळेच मशीनला बोलता येत नव्हतं. मी तिथेच तो प्रोग्रॅम पुन्हा घातला आणि बटण दाबलं.

"लिआओ छिंगशान," मशीन म्हणालं, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. "पुरुष. वानर वर्ष, तिसरा महिना..."

बीगो दचकून सरळ बसली. "ही कोण बया?"

"तुझी नवीन डिस्क. मुकी म्हणत होतीस ना?"

"बोलते कशी पण, नाकातून! आणखी एक लाव."

मी आणखी एक लावलं. मग आणखी एक. लिआओ निघून गेले. आपण काही ठरवलंय की नाही ते न सांगताच. बीगो बसून राहिली, एकामागून एक गेल्या वर्षीची नावं ऐकत. सातव्या की आठव्या नावावर तिचा चेहरा बदलला.

"परत म्हणायला लाव. पत्ता."

मशीनने परत म्हटलं.

"हा पत्ता चुकलाय," बीगो म्हणाली. "हे मीच घातलंय. गेल्या वर्षी." तिने माझ्याकडे मान वळवली. "दादा, जुनी मला एवढंच सांगायची की आत गेलं. काय गेलं ते नव्हती सांगत."

पुढचे तीन दिवस ती सकाळपासून देवळात बसून सहाशे नावं ऐकत होती. मी म्हटलं, अध्यक्षांची सून करेल हे. ती म्हणाली, सून चुका दुरुस्त करेल, पण चुका माझ्या आहेत. अकरा सापडल्या. तिने त्या कागदावर लिहिल्या नाहीत, पाठ केल्या.

वीस तारखेला नोंदणी सुरू झाली. टेबलामागच्या खुर्चीत कोण बसणार, हे लिआओंनी आदल्या संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी बीगो नेहमीच्या वेळेला आली आणि बसली. कुणी उठवलं नाही. सून बाजूला उभी राहून पावत्या फाडत होती.

पहिल्याच तासात एक घोटाळा झाला. मशीन मोठ्याने वाचत होतं आणि फानबाईचं जन्मवर्ष अख्ख्या रांगेने ऐकलं. वीस वर्षं ती गल्लीत स्वतःला ससा वर्षातली सांगत आली होती. "वाघ!" मशीन म्हणालं, म्हणजे एका वर्षाने मोठी. रांगेत हशा पिकला. "मेल्या चुईकिम, हिला कानात घालायचं यंत्र दे आधी!" फानबाई माझ्यावर ओरडली. मी धावत जाऊन इयरफोन आणला. मग रांग सरसर सरकू लागली. एवढी, की माझ्या दारापर्यंत पोचायच्या आतच संपत होती आणि त्या वर्षी मला एकही मोबाईल मिळाला नाही.

पण दर थोड्या वेळाने रांग थांबायची. बीगो समोरच्याला सांगायची, "दोन वर्षं तुझ्या सासूची जन्मवेळ मी चुकीची घातली होती. आता नीट केलीय. माफ कर." सगळ्यांच्या देखत, प्रत्येकाला, आवाज न बदलता. कुणी "असू दे मावशी" म्हणालं, एक जण मात्र चांगलाच चिडला. त्याच्या बापाचं त्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. बीगोने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मान वर करून, त्याच्या चेहऱ्याच्या जरा उजवीकडे बघत.

दुपारी लिआओ स्वतः रांगेत उभे राहिले. अध्यक्ष असून रांगेत, हे मी पहिल्यांदा बघत होतो. त्यांचा नंबर आला तेव्हा मागचे सगळे मान उंचावून बघू लागले.

"लिआओ," बीगो म्हणाली, "तुमचाही आहे त्यात. अकरावा. घराचा नंबर सतरा, मी सत्तावीस घातला होता. दोन्ही वर्षी."

लिआओ तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा कान हळूहळू लाल होत गेला. मला वाटलं, झालं. आता सुनेला हाक मारणार.

"सत्तावीस?" ते म्हणाले. "सत्तावीस नंबरात तो चप्पलवाला राहतो."

"हो."

"दोन वर्षांत त्याने दुसरं दुकान घेतलं. मुलीला परदेशी पाठवलं. आणि मी इथे उन्हात टायर बदलतोय!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "म्हणजे माझा देव त्याच्याकडे जेवत होता!"

रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग सगळेच. बीगोला आधी कळेना, हसू की नको. मग तीही हसली, हाताने तोंड झाकून.

"हसू नकोस. सतरा लिही. आणि मला वाचून दाखव," लिआओ म्हणाले.

बीगोने लिहिलं. इयरफोनवर बोट ठेवून ऐकलं आणि शब्द न् शब्द म्हणून दाखवला.

"बरोबर," लिआओ म्हणाले. "पुढच्या वर्षीही मला असंच वाचून दाखवायचं. मी तुझ्याकडूनच लिहून घेणार, दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही." आणि पावती घेऊन सुनेकडे न बघता ते बाहेर पडले.

बीगोने कानातला इयरफोन नीट केला. "पुढचे कोण?" ती म्हणाली.